मानपत्रातली विहीर

दुसऱ्यांचं कौतुक करणं हा माझा धंदा होता. चिखलीला बाजाराच्या रस्त्यावर आमचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची हँडबिलं तर आम्ही छापायचोच, पण आमचं खरं नाव होतं ते मानपत्रांसाठी. कोणी मास्तर निवृत्त झाला, कोणी निवडून आला, कोणाचा मुलगा डॉक्टर होऊन परतला, की चार माणसं पायऱ्या चढून यायची आणि म्हणायची, "मधुकरराव, एक फस्क्लास मानपत्र पाहिजे." मजकूर कोण लिहिणार असं विचारलं की ती एकमेकांकडे बघायची. मग मीच लिहायचो. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्याचा एवढा एकच उपयोग झाला.

आताच्या मुलांनी मानपत्र पाहिलेलं नसतं, म्हणून सांगतो. गुलाबी किंवा पिवळ्या साटिनच्या कापडावर सोनेरी अक्षरांत माणसाची स्तुती छापायची, काचेच्या चौकटीत बसवायची, आणि भर सभेत ती स्तुती मोठ्याने वाचून त्याच्या हातात द्यायची. ज्याचं कौतुक आहे त्याने तेवढा वेळ मान खाली घालून बसायचं. सोनेरी अक्षरं म्हणजे काही सोन्याची शाई नसते. चिकट शाईने छापायचं, ती ओली आहे तोवर वर सोनेरी भुकटी टाकायची आणि कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसून घ्यायची. अक्षराला भुकटी धरते, बाकीची उडते. आमचे जुळारी गफूरभाई, म्हणजे एकेक खिळा उचलून अक्षरं जुळवणारा माणूस, मानपत्राच्या दिवशी घरी जायचे तेव्हा त्यांची दाढी चमकत असायची.

एकदा साटिनवर छापलं की झालं. कागदावरची चूक खाडाखोड करून सुधारते, साटिनवरची नाही. हे ध्यानात ठेवा.

आमच्या धंद्यातली एक सोय सांगितली पाहिजे. मानपत्राचा सांगाडा ठरलेला असे. वर नाव, मग 'सन्माननीय महोदय', मग मातीचा परिच्छेद, मग गुणांचा, आणि शेवटी उदंड आयुष्य. गुण माणसागणिक बदलावे लागत. माती बदलावी लागत नसे. म्हणून मातीचा परिच्छेद एकदा जुळवून, दोरीने घट्ट बांधून, फळीवर ठेवलेला असायचा. आम्ही त्याला 'ठेवणीतला' म्हणायचो. तो असा होता: 'या गावच्या मातीत आपण खेळलात, या गावच्या विहिरीचे गोड पाणी पिऊन लहानाचे मोठे झालात, आणि आज हेच गाव आपल्याकडे अभिमानाने पाहत आहे.' मीच लिहिला होता, नवानवा असताना. कोणत्याही गावाला चालायचा. कुठे छापताना जागा रिकामी राहिली, कापड ओकंबोकं दिसायला लागलं, की गफूरभाई मला न विचारता तो घालायचे. मी त्यांना तशी मुभाच दिली होती.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असत. एक हेडमास्तर स्वतःचं मानपत्र स्वतःच लिहून घेऊन आले होते. "गावातल्यांना जमणार नाही हो," म्हणाले. त्यात 'विनयशील' हा शब्द दोनदा आला होता. मी एक काढू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या. पहिल्यांदा कोणाचं लक्ष नसतं." तसंच छापलं.

पण मला सांगायचंय ते या गिऱ्हाइकांबद्दल नाही. माझ्या वर्गबंधूंबद्दल आहे.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी आम्ही अमरावतीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन बाहेर पडलो. काय वारं होतं अंगात. नवं राज्य, नव्या जागा, नव्या परीक्षा. सगळ्यांचं काही ना काही ठरलेलं. माझंही ठरलं होतं, एम.ए. करायचं आणि प्रोफेसर व्हायचं. निकाल लागला आणि पुढच्याच महिन्यात बाबांचं एक अंग लुळं पडलं. छापखाना बंद ठेवला तर घर बंद पडलं असतं. मी 'एक वर्षापुरता' म्हणून चिखलीला आलो.

ते वर्ष संपलंच नाही. दर उन्हाळ्यात मी एम.ए.ला बाहेरून बसायचा विचार करायचो, पुस्तकं मागवायचो, आणि तोच लग्नसराई सुरू व्हायची. इकडे वर्तमानपत्रात एकेकाची नावं यायला लागली. कोणी प्राध्यापक, कोणी वकील, कोणी तहसीलदार. मी पेपर उघडला की आधी निकाल आणि नेमणुका बघायचो. एखादं ओळखीचं नाव दिसलं की त्या दिवशी कामाला हात लागायचा नाही. आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू. पण आनंदाखाली काहीतरी टोचत राहायचं. जेवताना ताटावरून उठून मी उगाच रस्त्यावर जाऊन यायचो. बायको म्हणायची, "आज कोण पास झालं?"

आणि नशिबाची गंमत बघा, ज्यांच्यापासून मी मागे राहिलो त्यांचीच मानपत्रं माझ्याकडे यायला लागली. वर्गात कोण काय झालं हे सगळ्यांत आधी मला कळायचं, आणि तेही सोनेरी अक्षरांत लिहावं लागायचं.

पहिला आला वसंता. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसून माझ्याच वहीतून उतरवून घ्यायचा. तो नागपूरला जाऊन वकील झाला, देऊळगाव राजाला वकिली थाटली, आणि पुढे जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत उभा राहून निवडूनही आला. त्याचा सत्कार आधी चिखलीत झाला, मग देऊळगाव राजात. दोन्ही मानपत्रं माझीच. दुसऱ्या सभेनंतर वसंताने मला कोपऱ्यात ओढलं.

"मध्या, चिखलीत मी सिंहासारखा निर्भय होतो. इथंबी सिंहच? काही वाघ-बिघ कर ना बे. दोन्हीकडं तेच लोक असते."

"तू दोन्हीकडं तेच भाषण केलंस की."

"माझं ऐकतं कोण? तुझं काचेत राह्यते."

आम्ही हसलो. परतीच्या एसटीत मात्र मला हसू आलं नाही. वसंताला निदान भाषण करायला लागत होतं. मी फक्त प्राणी बदलत होतो. मनात यायचं, आपण आयुष्यात एक तरी ओळ अशी लिहावी की जिच्यामुळे काहीतरी इकडचं तिकडे होईल. ही हाव कोणाला सांगण्यासारखी नव्हती. पण होती.

त्यात यशवंताची बातमी आली.

यशवंत कॉलेजात माझा खोलीतला सोबती. गाव बीबी या बाजारगावाच्या पलीकडचं. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण त्या काळात तीच गोष्ट कितीतरी गावांची होती आणि एकट्या त्या गावावर ठपका कशाला. घर मजुरीवर चालणारं. वडील लहानपणीच गेलेले. बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्या वस्तीतला तो पहिला मॅट्रिक आणि पहिला बी.ए. बोलायला कमी, वाचायला राक्षस. खोलीत दिव्यावरून आमची भांडणं व्हायची. मी एकदा चिडून म्हटलं, "तुला एवढं पाठांतर कसं होतं रे?"

तो म्हणाला, "विहिरीवर सवय लागली बे."

मला वाटलं, रम्य जागा असेल. तर तसं नव्हतं. गावाची विहीर मारुतीजवळ होती आणि वस्तीतल्यांनी तिच्यावर चढायचं नाही. त्याची माय घडा घेऊन खाली उभी राहायची. वरचं कोणी मनात आलं तर ओतायचं. कधी सकाळचं ऊन डोक्यावर यायचं. माय उन्हात उभी, आणि हा शेजारी मातीत बसून पुस्तक वाचत. "माझी चौथी, पाचवी, सगळी तिथंच झाली," असं तो अगदी सहज सांगत होता. दीक्षा घेतल्यावर वस्तीने तिथं उभं राहणंच सोडलं आणि ओढ्यात झिरा खणून त्यातलं पाणी भरायला सुरुवात केली. उन्हाळ्यात झिरा आटला की पार दुसऱ्या शिवारात जायचं. पण हात पसरायचा नाही.

त्याची माय एकदा अमरावतीला आली होती, गाठोड्यात भाकरी आणि ठेचा घेऊन. मलाही तिने तेवढाच वाटा दिला. जाताना म्हणाली, "दोघंबी मोठे व्हा बापा." म्हणजे त्या आशीर्वादात मीही होतो.

यशवंत परीक्षा देऊन डेप्युटी कलेक्टर झाला. नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात. पेपरात नाव वाचलं त्या दिवशी मी खरंच छापखाना बंद केला आणि गावाबाहेर लांबवर चालत गेलो. आनंद होता की दुसरं काही, मलाच कळेना.

पुढे काही महिन्यांनी त्याच्या गावचे सरपंच तीन माणसांना घेऊन पायऱ्या चढून वर आले. पांढरं धोतर, बोलायला गोड.

"आमच्या गावचं पोरगं डिप्टी कलेक्टर झालं. गावाचं नाव झालं. सत्कार करून राह्यलो. साहेब म्हने, चिखलीचा मधुकर माझा दोस्त हाय, मानपत्र त्यानंच लिहावं अन् त्यानंच वाचावं."

"वस्तीतली मंडळी येणार ना?"

"येतील ना. काऊन नाही येनार? साहेबाच्या मायले तं म्होरं बसवनार." मग जरा पुढे सरकून, "शेवटी रस्त्याचं बी दोन शब्द टाका. पावसाळ्यात बैल रुतते हो. साहेबाच्या कानावर गेलं पाहिजे."

ते गेले आणि मी कागद ओढला. वाटलं, हीच ती ओळ लिहायची वेळ. मग तीन दिवस नुसता घोळत बसलो. खरं लिहावं तर सभेत गोंधळ होईल, माय त्याच गावात एकटी राहते, तिला त्रास होईल, आणि यशवंताला सगळ्यांसमोर जुनं उकरून काढलेलं आवडेल का? खोटं तर लिहायचंच नव्हतं. शेवटी मी शहाणपणा केला. विहीर नाही, माती नाही, गावाचा अभिमान नाही. त्याची हुशारी, त्याची जिद्द, त्याच्या मायचे कष्ट, आणि रस्ता. सुबक मजकूर झाला. कोणाला कुठे खटकणार नाही असा. माझ्या मते मी मित्राला नीट जपलं होतं.

मजकूर गफूरभाईंच्या हातात दिला आणि मी अकोल्याला कागद आणायला गेलो. तिथे कागदाची गाडी उशिरा आली, दोन दिवस अडकलो. परत आलो तो सत्काराचाच दिवस. चौकट सरपंचांचा माणूस आदल्या संध्याकाळीच घेऊन गेला होता. गफूरभाई दाढीला चमक घेऊन म्हणाले, "एकदम उमदा झालं साहब. पाहत राह्यले ते लोक." मी तसाच बीबीच्या गाडीत बसलो.

बीबीला उतरलो तर बैलगाडी न्यायला आली होती. शाळेसमोर मांडव, बॅटरीवरचा लाउडस्पीकर, आंब्याची तोरणं. खुर्चीत यशवंत बसलेला, पांढरा शर्ट, थोडा जाड झालेला. मला बघून उठला आणि मिठी मारली. त्याची माय खरंच पुढे बसवली होती, खुर्चीवर, नव्या लुगड्यात, पाय जमिनीला न टेकता. वस्तीतली माणसं मांडवाच्या डाव्या कडेला उभी होती. मारुती आणि ती विहीर समोरच, रस्त्याच्या पलीकडे. मी ती पहिल्यांदा बघत होतो. अमरावतीला ऐकताना ती फार मोठी वाटली होती. दगडी, बुटकी, साधी विहीर होती, आणि काठावर दोर-बादली पडलेली होती.

भाषणं झाली. मग मला पुकारलं. कोणीतरी चौकट माझ्या हातात दिली आणि मी वाचायला सुरुवात केली. नाव वाचलं, सन्माननीय महोदय वाचलं, आणि पुढच्या ओळीवर माझी नजर गेली.

'या गावच्या मातीत आपण खेळलात, या गावच्या विहिरीचे गोड पाणी पिऊन...'

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. मी नेहमीचा परिच्छेद गाळला म्हणून मजकूर आखूड झाला होता. कापडावर जागा उरली. ती रिकामी जागा गफूरभाईंनी रोजच्या पद्धतीने भरून काढली होती, आणि भरली ती नेमकी मी गाळलेल्या ओळींनी. त्यांची काही चूक नव्हती. त्यांना विहिरीचं काय माहीत.

मी थांबलो. गाळून पुढे जावं म्हटलं तर पुढचा शब्द सापडेना. डाव्या कडेची माणसं माझ्याकडे बघत होती. ही ओळ मी वाचली तर यशवंताच्या तोंडावर, त्याच्या मायसमोर, भर गावात, त्याच्याच मित्राने मीठ चोळल्यासारखं होणार होतं. आणि चौकट तर जन्मभर त्याच्या भिंतीवर राहणार होती.

यशवंत हळूच म्हणाला, "वाच ना मधू. छापलंय ते वाच."

मी वाचलं. सगळं वाचलं. रस्त्यापर्यंत वाचलं. उजवीकडून सवयीने टाळ्या पडल्या, डावीकडून एकही नाही. मी खाली मान घालून बसलो. सत्कार त्याचा होता आणि मान खाली माझी.

मग यशवंत उठला. चौकट घ्यायला त्याने हात पुढे केला नाही. आधी शाळेतल्या गुरुजींची आठवण काढली, सरपंचांचे आभार मानले, रस्त्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा ते सांगितलं. सरपंच खूश झाले. मग तो साधेपणाने म्हणाला, "मानपत्रात एक ओळ आहे. विहिरीची. मले ती फार आवडली. पण ती अजून खरी झालेली नाही. हे इथं सगळ्यांनाच माहीत आहे, मी काही नवीन सांगून नाही राह्यलो. अन् मी आहे सरकारी माणूस. जे खरं नाही ते कागदावर कसं घेऊ? तवा आधी पाणी पाजा. मंग मानपत्र घेतो."

सरपंच लगबगीने उठले. "अरे, तांब्या आना. थंड पानी आना साहेबाले."

"तांब्या नको, दादा," यशवंत म्हणाला. "तांब्यातलं वरून ओतलेलं आम्ही लय प्यालो. माय, उठ. तूच काढ."

माय बसूनच राहिली. पदर ओढून म्हणाली, "राहू दे ना बापा. आता कुठं ते तहान राह्यली? तू उद्या जाशीन, मले इथंच राहाचं हाय." लाउडस्पीकर चालू होता. ते सगळ्या गावाने ऐकलं.

यशवंताने जबरदस्ती केली नाही, हे मला आजही आठवतं. तो नुसता उभा राहिला. मांडवात कुजबुज सुरू झाली. मागून एक म्हातारा खणखणीत आवाजात म्हणाला, "साहेबाचं ठीक हाय. पन उद्या समदेच येतीन." डाव्या कडेचा एक जण म्हणाला, "येनारच." दोन-चार जण उठून उभे राहिले. मला वाटलं, आता मांडव मोडतो. सरपंच एकदा त्या म्हाताऱ्याकडे बघत, एकदा साहेबाकडे. त्यांच्या डोळ्यांसमोर रस्ता असेल, लाज असेल, दोन्ही असेल. मी त्यांच्या मनात शिरून बघितलं नाही.

त्या गडबडीत माय आपणहून उठली. कोणाकडे न बघता मांडवातून निघाली, रस्ता ओलांडला, आणि विहिरीच्या पायरीशी थांबली. जुनी सवय. ती ज्या जागी थांबली तिथेच तिला उभं राहावं लागायचं, असं यशवंताने मला नंतर सांगितलं.

सरपंच मागोमाग गेले. विहिरीजवळ त्यांचे भाऊबंद उभे होते, त्यांना म्हणाले, "सरा. काढू द्या."

माय पायरी चढली. बादली सोडली, दोर ओढला. ते हात मजुरीचे, एका दमात बादली वर आली. ती ओंजळ भरून पाणी प्याली. पुन्हा ओंजळ भरून तिने तोंड धुतलं. मग तिची नजर मला शोधत आली, आणि ती तिथूनच म्हणाली, "मधुकर बापू, कागदावर तं गोड लिहिलं तू. हे तं मचूळ हाय."

आधी डावी कडा हसली. मग उजवीकडेही काही जण हसले, कारण पाणी मचूळ होतं हे त्या गावात कोणाला माहीत नव्हतं? यशवंत मात्र हसला नाही. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मग तो विहिरीवर गेला, मायच्या ओंजळीतून पाणी प्याला, परत आला आणि माझ्या हातातून मानपत्र घेतलं.

संध्याकाळी त्याने मला त्याच्या जीपमधून बीबीच्या स्टँडवर आणलं. वाटेत खरं सांगायचं तर मनात एक गुदगुली सुरू झाली होती. सभेनंतर वस्तीतली पोरं माझ्या पाया पडली होती. वसंताला कळेल, सगळ्या वर्गाला कळेल, मधूने काय ओळ लिहिली. हवी होती तीच ओळ, आणि ती तिथे मी घातलेली नव्हती. ते मला सहन होईना. गाडी यायला वेळ होता. मी म्हटलं, "यशवंता, ती ओळ मी टाकलेली नाही. जागा उरली म्हणून ती पडली."

"मले माहीत आहे."

"कसं?"

"तू मुद्दाम टाकली असती तं वाचताना थांबला नसतास." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता. "अन् तू टाकलीच नसती बे. तू मले सांभाळून घेतलं असतं. सगळे चांगले लोक मले सांभाळूनच घेतात. त्यानं माझ्या मायले पाणी भेटत नाही."

एसटी आली. मी चढताना तो म्हणाला, "ते बांधलेले खिळे मोडू नको. असू दे. फक्त घालायच्या आधी विचारत जा."

पुढची गोष्ट तुम्हाला वाटते तेवढी सोपी झाली नाही. यशवंत गेला आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या कित्येकांनी त्या विहिरीचं पाणी सोडलं. माय मात्र रोज घडा घेऊन गेली, आधी एकटी, मग तिच्याबरोबर दोघी-तिघी. कोणी टोमणे मारले, एकदा दोर लपवून ठेवला, तर ती घरून दोर घेऊन गेली. उन्हाळ्यात दुसऱ्या विहिरी आटल्या तसे रुसलेले परत आले, कारण मचूळ असलं तरी पाणी तिलाच होतं. हे मला सरपंचांनीच सांगितलं, पावतीपुस्तकं छापायला आले तेव्हा. रस्ताही पुढे झाला, पण तो यशवंतामुळे नाही.

मी गफूरभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी फळीवरून ठेवणीतला परिच्छेद काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "अब तुमीच सांगा, कधी घालाचा." त्यातला 'गोड' मी चिमट्याने काढला आणि बाकीचं पुन्हा बांधून ठेवलं.

तेव्हापासून मानपत्राला कोणी आलं की मी विचारायचो, "मातीचा परिच्छेद घालायचा का? तुमच्या विहिरीवर सगळे पाणी भरतात ना?" तसं बघितलं तर एवढंच. पण या प्रश्नाने माझी किती गिऱ्हाइकं गेली म्हणून सांगू. काहींना राग यायचा, काही म्हणायचे, तुम्हाला छापायचं काम दिलंय की चौकशीचं? मग ती दुसऱ्या छापखान्यात जायची. वसंता तर एकदा तणतणत आला, "मध्या, माझे मतदार तुझ्या दारातून परत जाऊन राह्यले. काय लावलं हे?" मी म्हटलं, सिंह घे नाहीतर वाघ घे, विहीर विचारल्याशिवाय मिळणार नाही. तो चिडून गेला. पुढच्या खेपेला मात्र एका गावाची माणसं घेऊन स्वतः आला आणि दारातूनच म्हणाला, "यांच्यात खरं आहे. मी पाहून आलो."

वर्गाची बातमी मी अजूनही ठेवतो. प्राध्यापक झालेले निवृत्त झाले, वसंता दोनदा पडला आणि एकदा आला, यशवंत बराच वर चढला. त्यांची नावं वाचून अजूनही जेवणावरून उठावंसं वाटतं, वय झालं म्हणून ती खोड जात नाही. यशवंत भेटला की माझ्या तब्येतीची चौकशी करत नाही. "ओळ कुठं लागली का?" एवढंच विचारतो. मी कधी हो म्हणतो, जास्त वेळा नाही म्हणतो.

एकदा लांबच्या एका गावाची मंडळी आली होती. साटिन स्वतःच घेऊन आली होती, गुलाबी, चांगल्या पोताचं. मजकूर ठरला, नाव ठरलं, आणि मी माझा प्रश्न विचारला. पुढारी कापडाची घडी नीट करायला लागला. बाकीचे खाली बघायला लागले. मग तो म्हणाला, "गावात विचारून सांगतो. कापड असू द्या तुमच्यापाशी."

ते परत आले नाहीत. छापखाना मी बंद केला, खिळे विकले, तो एक परिच्छेद तेवढा ठेवला. कापड अजून माझ्या कपाटात आहे. घडीवर पिवळं पडलंय, पण छापता येईल.